उभ्या डब्याची पाचर

सुनंदाकाकूंनी पिशवीतून एक किल्ली काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"संध्याकाळी पाच वाजता ही परत द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं ह्यांच्याकडे होती. आज सकाळी निरोप आला, किल्ली आणून द्या आणि पुन्हा येऊ नका."

"नवी दिसते," सुनीती म्हणाली.

"काय?"

"किल्ली. बत्तीस वर्षांची वाटत नाही."

"जुनी कुठे गेली विचारलं की हे विषय बदलतात," काकू म्हणाल्या. "त्याचं काय एवढं?"

रविवार होता, सकाळचे साडेअकरा. गोत्रीतल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, सुनीती खानवेलकरचं घर आणि कचेरी एकाच खोलीत मांडलेली होती. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढल्यावर तिनं नोकरी सोडली होती आणि आता ती खाजगी तपास करायची. तिचा दीर देवेश समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. गाडी चालवणं, फोटो काढणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं ही त्याची कामं होती.

"नीट पहिल्यापासून सांगा काकू," देवेश वही उघडत म्हणाला.

काकूंनी सांगितलं. त्यांचे यजमान गोविंदराव शिर्के रेल्वेत मालडबे तपासायचे. चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून चीर ओळखायचे. निवृत्तीच्या कितीतरी आधी त्यांनी मित्रांबरोबर नागरवाड्यात 'छोटी लाईन मंडळ' काढलं. जुन्या नॅरोगेजच्या गाड्यांच्या हातभर लांबीच्या प्रतिकृती करायच्या आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवायचं. यंदाचा विषय होता गँगचा डबा. रुळांची डागडुजी करणारी टोळी ज्यात अवजारं ठेवायची, चूल पेटवायची आणि फळ्यांवर झोपायची, तो बंदिस्त डबा.

"यंदा सगळ्यांच्या तोंडी सलीलचाच डबा," काकू म्हणाल्या. "सलील फणसे. इंजिनिअर आहे, सुभानपुऱ्यात राहतो. ह्यांनीच त्याला हाताला धरून शिकवलं. रोज सकाळी सातला मंडळाच्या हॉलवर जाऊन बसायचा, नोकरीवर जायच्या आधी. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तीन महिने हे अंथरुणावर. तेव्हाही पोरगा रोज सातला हॉलवर बसून काम करायचा आणि ह्यांना फोटो पाठवून विचारायचा. मुलासारखाच होता हो. मग त्यानं तो प्लास्टिकच्या वस्तू छापणारा प्रिंटर घेतला. संगणकावर काढायचं, प्रिंटर छापून देणार. तेव्हापासून फोटो बंद झाले."

"आणि तो डबा फुटला," सुनीती म्हणाली.

"आज सकाळी कपाटात चुरा सापडला. काल संध्याकाळी हे एकटेच तिथे गेले होते, लोकांनी पाहिलंय. मी विचारलं, तुम्ही फोडलात का? तर म्हणाले, मला काही विचारू नकोस." काकूंचा आवाज बारीक झाला. "मंडळ गेलं तर हा माणूस सकाळी उठेल तरी कशासाठी, मला सांगा."

*

हॉलच्या खाली सेव-उसळीचं दुकान होतं. जिन्याला जाळीचा दरवाजा होता आणि त्याची किल्ली दुकानवाल्याकडे असायची.

"काका साडेसहाला वर गेले," तो म्हणाला. "पिशवीतून हातोडीचा दांडा बाहेर आलेला. मी बोललो पण, काका, आज शूं तोडवानुं छे, काय तोडायचंय? हसले नाहीत. आठला खाली उतरले. मग साडेआठला मी जाळी बंद करून घरी."

"सकाळी कधी उघडता?"

"सात वागे."

"तेव्हा कोणी वर गेलं?"

"सवारे तो हुं पाछळ वटाणा बाफतो होउं, बेन. मागे, वाटाणे उकडत. पुढून कोण आलं, कोण गेलं, मला काय दिसणार?"

जिना चढताना देवेश कुजबुजला, "वहिनी, काकूंना वाईट वाटेल, पण इथे शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. हातोडी म्हणजे फारच झालं."

"बघू या, भावजी. हातोडीनं फुटलाय का तेही बघू."

वर मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहराव खुर्चीत बसले होते. सत्तरीचे, ताठ, हातात काठी. जगभरातून विकत आणलेली इंजिनं त्यांच्या घरी तीन कपाटं भरून होती. स्वतः त्यांनी आयुष्यात एक चाकही बनवलं नव्हतं, आणि ते कोणी विसरू नये म्हणून की काय, सगळे त्यांना वारंवार विचारायचे, "आपण हे कसं केलंत?"

"पोलीस नकोत म्हणून तुम्हाला वर येऊ दिलं," ते म्हणाले. "गोविंदराव माझे जुने मित्र आहेत. पण हे मंडळात चालणार नाही."

"हॉलच्या किल्ल्या किती?"

"तीन. माझी, आमच्या चिटणीस शैलाबाईंची आणि गोविंदरावांची."

"तुम्ही दोघं सकाळी कधी आलात?"

"साडेनऊला. त्याआधी पावणेसातपासून आम्ही दोघं स्टेशनवर बसलो होतो. परीक्षक मुंबईहून यायचे होते आणि गाडी दोन तास उशिरा. त्यांना घेऊन सरळ इथे आलो. शैलाबाईंनी कुलूप काढलं आणि आत हे असं. मी कोणाला हात लावू दिला नाही."

भिंतीला काचेचं कपाट होतं. प्रत्येक प्रतिकृतीला स्वतंत्र खण, प्रत्येक खणाला घट्ट बसणारी सरकती काच. कुलूप नव्हतं. सलीलच्या खणात रुळाचा तुकडा होता, त्याच्या मधोमध जेवणाचे डबे उघडून बसलेली बोटाच्या पेराएवढी तीन माणसं, आणि त्यांच्या लगत रुळावर डब्याचा नुसता सांगाडा उभा. वरची पेटी दाबून चुरडली होती.

सुनीतीनं चष्मा वर ढकलला आणि भिंग काढलं.

"ठोकलेलं नाही," ती म्हणाली. "तळव्यानं दाबलंय. भावजी, एकेक तुकड्याचा फोटो घ्या. कडांचा जवळून."

भिंतींचे तुकडे बाहेरून तांबूस रंगवलेले होते. त्यावर, विशेषतः खालच्या बाजूला, पिठासारखा पांढुरका थर बसला होता. खणाच्या काचेवरही तसाच एक ठिपका. तुटलेल्या कडा मात्र काळ्या आणि स्वच्छ होत्या. सांगाड्याच्या बाजूला ब्रेकचा एक पितळी दांडा होता, खाली दाबलेला. एका चाकाखाली काडीपेटीच्या काडीचा कोरलेला तुकडा होता. तसाच दुसरा तुकडा खणाच्या कोपऱ्यात पडला होता.

"कचरा," देवेश म्हणाला.

सुनीतीनं सांगाड्याला बोटानं हलकेच ढकललं. तो हलला नाही.

*

मंडळाच्या चिटणीस शैला दिघे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. त्यांचा स्वतःचा डबा सलीलच्या शेजारच्याच खणात होता.

"तुम्हाला सलीलच्या डब्याचा हेवा वाटत होता?" देवेशनं एकदम विचारलं. त्याला वाटलं, असं विचारलं की माणूस गडबडतो.

"होय तर," शैलाबाई म्हणाल्या. "सात वर्षं दुसरी येते मी. तुम्ही सात वर्षं दुसरे येऊन बघा. कोण जळत नाही इथे? उदयसिंहराव आमच्या हातांवर जळतात, आम्ही त्यांच्या कपाटांवर. गोविंदराव सलीलवर जळत होते. परवा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सलीलच्या फोटोखाली चौसष्ट बदाम आणि गोविंदरावांच्या फोटोखाली तीन नमस्कार. त्यातला एक माझा."

"तुमच्या डब्याची खिडकी धूसर का?" सुनीतीनं विचारलं.

"माझाच मूर्खपणा. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी झटपट गोंदानं पायरी चिकटवली आणि लगेच काच लावली. त्या गोंदाची वाफ कोंडली की आत असेल त्या सगळ्यावर पांढरी बसते. रात्रभरात ही अशी खिडकी झाली, आता निघत नाही. शंभरदा सांगते सगळ्यांना, गोंद लावलात तर चार-पाच तास खण उघडा ठेवा. गोविंदरावांना तर हा गोंद माहीतच नव्हता, ते डाग देऊन धातू जोडणारे. मीच गेल्या महिन्यात त्यांना एक नळी दिली."

"काल खण बंद कोणी केले?"

"मीच. सहाला. सलीलनं डबा ठेवला, फोटो काढून गटावर टाकला आणि आम्ही सगळे निघालो. हा बघा."

फोटोत डबा अखंड होता, तांबूस, चकचकीत. ब्रेकचा दांडा सरळ वर. चाकं मोकळ्या रुळावर. खाली सलीलनं लिहिलं होतं : 'एक चूक दाखवा आणि डबा तुमचा.'

"कोणी दाखवली?"

"हात जोडले सगळ्यांनी," शैलाबाई म्हणाल्या.

सलील दारापाशीच उभा होता. तिशीचा, देखणा, डोळ्यांखाली काळं.

"मी दहाला आलो, घरून सरळ," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मला आश्चर्य वाटलं नाही. वर्षभर सर माझ्याशी धड बोलले नाहीत. प्रिंटरला ते 'छापखाना' म्हणतात."

"तुमच्या डब्यात काय काय छापलेलं होतं?"

"सगळंच. रूळ आणि चाकं सोडली तर धातूचा एक कण नाही. हजारदा तेच करा, हजारदा तेच येणार. हाताला ते जमत नाही."

"तुमच्याकडे हॉलची किल्ली आहे?"

"माझ्याकडे? कधीच नव्हती. तीनच आहेत ना."

"लोकांना तुमचा डबा फार आवडला म्हणे."

"हो. म्हणतात, वा, हुबेहूब. फोटो काढतात. आणि मग सरांच्या डब्यापाशी जाऊन नुसते उभे राहतात. बोलत नाहीत काही." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "जाऊ दे. आता काय त्याचं."

*

गोविंदराव दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. दार काकूंनी उघडलं. ते खिडकीपाशी बसले होते. मांडीवर हात, हातांना पितळेचा काळपटपणा.

"हो, गेलो होतो," ते म्हणाले. "हातोडी होती. डब्याला हात लावला होता. आणखी काय हवं?"

"तुम्ही फोडला का?"

त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

"आठनंतर कुठे होता?"

"घरात," काकू म्हणाल्या. "रात्री जेवलेसुद्धा नाहीत. सकाळी मी उठवलं आठला, तेव्हा निरोप यायचाच होता."

"काका, जुनी किल्ली कोणाला दिलीत?"

गोविंदरावांनी पहिल्यांदा मान वर केली. मग पुन्हा खिडकीकडे वळले. "किल्ली आज पाचला परत मिळेल मंडळाला," ते म्हणाले. "एवढंच मला बोलायचं आहे."

परत जाताना देवेश म्हणाला, "वहिनी, माझं मत शैलाबाई. सात वर्षं दुसऱ्या! आणि गोंद त्यांचाच."

"त्या सातपासून स्टेशनवर परीक्षकांची वाट बघत होत्या, साडेनऊपर्यंत."

"पण फोडलाय काल संध्याकाळी ना?"

"तिथेच तर सगळ्यांची चूक झाली," सुनीती म्हणाली. "गाडी लावा. पाच वाजत आले."

*

पाचला हॉलमध्ये सहा खुर्च्या होत्या आणि सात माणसं. गोविंदराव उभेच राहिले. खाली पाहुणे जमू लागले होते. उदयसिंहरावांनी जाळी ओढून घ्यायला सांगितलं.

"किल्ली," ते म्हणाले.

काकूंनी किल्ली टेबलावर ठेवली.

"थांबा," सुनीती म्हणाली. "काकांनी काल इथे दीड तास काय केलं ते मी सांगते. चुकलं तर त्यांनी सांगावं.

"ते डबा फोडायला आले होते. हातोडी त्यासाठीच होती. मुलासारखा जवळ केलेला शिष्य, आणि त्यानं 'एक चूक दाखवा' असं सगळ्यांसमोर लिहिलेलं. खण उघडला, आणि त्यांना चूक दिसली. तीन माणसं डब्यापुढे रुळातच जेवायला बसलीत. डबा रुळावर उभा. आणि ब्रेकचा दांडा वर, म्हणजे सुटा. चाकाखाली पाचर नाही. तो डबा खरा असता तर जरा धक्का लागताच त्या माणसांच्या अंगावरून गेला असता."

गोविंदरावांनी खणाकडे पाहिलं.

"आयुष्यभर ज्यांनी असे डबे तपासले, त्यांच्याच्यानं तो तसा सोडवेना. छापलेला दांडा ठिसूळ, वाकत नाही. म्हणून तो काढला, पितळेच्या तारेचा नवा केला, झटपट गोंदानं खाली दाबलेला चिकटवला. काडीच्या दोन पाचरी कोरून चाकांखाली लावल्या. काल सहाच्या फोटोत दांडा वर आहे, पाचरी नाहीत. आज सांगाड्यावर दांडा पितळी आणि खाली आहे. सलील म्हणतात, त्यांच्या डब्यात चाकं सोडून धातू नाही. मग तो दांडा कुठून आला?"

"बरं, दुरुस्त केला," उदयसिंहराव म्हणाले. "आणि मग राग येऊन फोडला. होतं असं."

"मीसुद्धा हेच म्हणणार होतो," देवेश म्हणाला.

"गोंद तसं म्हणत नाही. शैलाबाई, वाफ बसायला किती वेळ लागतो?"

"चार-पाच तास," शैलाबाई सावकाश म्हणाल्या. आणि मग एकदम, "अगं बाई!"

"काकांना या गोंदाची सवय नाही. त्यांनी दांडा चिकटवला आणि काच लावून टाकली. शैलाबाईंनी गेल्या वर्षी केलेली चूक. वाफ खणात कोंडली आणि डब्यावर पांढरा थर बसला. डबा तेव्हाच चुरडलेला असता तर थर तुटलेल्या कडांवरही बसला असता. भावजी, फोटो दाखवा. प्रत्येक तुकडा बाहेरून पांढुरका, आणि कडा काळ्या स्वच्छ. म्हणजे थर बसेपर्यंत डबा अखंड उभा होता. आठपासून पुढे निदान चार तास. आणि रात्री साडेआठ ते सकाळी सात जिन्याची जाळी बंद होती."

उदयसिंहरावांनी फोटो पुढे ओढून पाहिले.

"डबा आज सकाळी सात ते साडेनऊच्या मध्ये फुटला," सुनीती म्हणाली. "तेव्हा एक किल्ली आणि दुसरी किल्ली स्टेशनवर होत्या. तिसरी काकांबरोबर घरात. पण किल्ल्या तीन नाहीत. काकांची ही किल्ली नवी आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते तीन महिने घरात होते, तरी एक माणूस रोज सकाळी सातला या हॉलमध्ये येऊन काम करत होता. त्याला दार कोण उघडत होतं? काका, जुनी किल्ली कोणाला दिलीत?"

"दिली होती एकाला," गोविंदराव म्हणाले. "परत मागितली नाही. नाव मी घेणार नाही."

"का पण?" काकू कळवळून म्हणाल्या. "तुम्ही फोडला नाहीत, मग तोंड का उघडलं नाहीत?"

"फोडायलाच गेलो होतो ना मी. हातोडी उचलली होती. मग कुठल्या तोंडानं सांगू की मी नाही म्हणून?" ते टेबलाकडे बघत होते. "चौसष्ट बदाम मोजले मी, सुनंदा. दोनदा मोजले."

मग सलीलनं खिशात हात घातला. टेबलावर एक किल्ली ठेवली, झिजलेली, दात गुळगुळीत झालेली.

"परीक्षकांच्या आधी एकदा पुसून घ्यावा म्हणून आलो होतो," तो म्हणाला. "दांडा बघितला. सरांचा हात आंधळ्यालाही कळेल. गटावर लिहिलं असतं तर मी वाद घातला असता. पण कोणाला न सांगता दुरुस्त करून गेले. जसा काही मी अजून..." त्यानं झिजलेली किल्ली बोटानं सरळ केली. "आणि तो दांडा माझ्या सगळ्या डब्यापेक्षा चांगला होता. उजेडात धरला तर बाकी सगळं छापलेलं दिसायला लागलं. मी हात ठेवला आणि दाबलं. नंतर सगळे सरांचं नाव घ्यायला लागले, तेव्हा मी गप्प बसलो. तेच जास्त वाईट."

"सभासदत्व रद्द," उदयसिंहराव काठी आपटून म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"कोणाचं?" गोविंदरावांनी विचारलं. "हातोडी घेऊन येणाऱ्याचं धरून, की सोडून?"

उदयसिंहरावांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. शैलाबाईंनी काकूंची नवी किल्ली उचलून पुन्हा काकूंच्या हातात ठेवली. जुनी तिथेच राहिली.

गोविंदराव खणापाशी गेले. काच सरकवली, सांगाडा न्याहाळला.

"एक पाचर निघालीय," ते कोणाकडे न बघता म्हणाले. "प्रदर्शन उघडायचं आहे. डबा असा उभा ठेवता येणार नाही. काडी घे. तुझी तू कर."

सलीलनं टेबलावरची काडीपेटी घेतली, शैलाबाईंचा कटर घेतला आणि खिडकीच्या उजेडात बसला.

गोविंदरावांनी पहिली पाचर बोटावर घेतली. "जाड. दुसरी कर."

खाली लोक जाळी हलवत होते. देवेश घड्याळाकडे बघत होता. सुनीतीनं पर्स खांद्याला लावली, पण ती निघाली नाही.

सलीलनं दुसरी पाचर पुढे केली. गोविंदरावांनी ती घेतली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी पाहिली. मग सांगाड्याखालची स्वतःची पाचर काढून ती शेजारी धरली. दोन्हींकडे आळीपाळीनं बघत ते बराच वेळ उभे राहिले.

त्यांनी सलीलची पाचर पुढच्या चाकाखाली बसवली. स्वतःची मागे लावली.

मग बोटानं डबा ढकलून पाहिला.

"उघडा जाळी," ते म्हणाले.